बैलगाडीचे आठ, माणसाचे शून्य : महामार्गाच्या मोजणीचा इतिहास

भारतात रस्ता दुपदरी ठेवायचा की चौपदरी करायचा, हे ठरवताना अभियंते एक तक्ता वापरत आले आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० साली ग्रामीण भागातील रस्त्यांच्या क्षमतेबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘आयआरसी : ६४’ या नावाने त्या ओळखल्या जातात. त्यात प्रत्येक वाहनाला एक किंमत दिलेली आहे. मोटारीची किंमत १. ऑटोरिक्षाचीही १. मोटारसायकल आणि सायकल प्रत्येकी ०.५. बस आणि ट्रक ३. ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५. सायकलरिक्षा २, हातगाडी ३, टांगा ४. बैलगाडी ८, आणि लहान बैलगाडी असेल तर ६.

या किमतीला ‘पॅसेंजर कार युनिट’, म्हणजे पीसीयू म्हणतात. रस्त्यावरून जाणारे सगळे मोटारीच्या मापाने मोजायचे, बेरीज करायची, आणि ती बेरीज ठरावीक आकड्याच्या पुढे गेली की रस्ता अपुरा ठरवायचा. सपाट प्रदेशातील दुपदरी रस्त्यासाठी हा आकडा दिवसाला १५,००० पीसीयू आहे, एकपदरी रस्त्यासाठी २,०००.

या तक्त्यात पायी चालणाऱ्या माणसाला रकाना नाही.

चळवळीतल्या तरुणांनी आरक्षणाची बिंदुनामावली वाचायला शिकून घेतली, अर्थसंकल्पातील अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी कुठे वळवला जातो हे शोधायला शिकून घेतले. रस्त्याचा तक्ता मात्र आपण अजून हातात घेतलेला नाही. तो अभियंत्यांचा विषय, आपला नव्हे, असे आपण धरून चाललो. आमचे म्हणणे असे की, ज्या समाजाला शतकानुशतके रस्त्यावरून चालण्याचा हक्क नाकारला गेला, त्या समाजाने तरी रस्त्याची मोजणी दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नये. म्हणून या मोजणीचा इतिहास पाहू.

मोजणी कशी सुरू झाली

रस्त्याची क्षमता शास्त्रीय पद्धतीने मोजण्याची सुरुवात अमेरिकेत झाली. १९३० च्या दशकात ब्रूस ग्रीनशील्ड्स या अभियंत्याने ओहायो राज्यातील रस्त्याकडेला कॅमेरा लावून ठरावीक अंतराने वाहनांची छायाचित्रे घेतली. दोन छायाचित्रांच्या मधल्या काळात गाडी किती पुढे सरकली यावरून वेग निघाला, आणि एका पट्ट्यात किती गाड्या दिसतात यावरून दाटी निघाली. त्याला आढळले की दाटी वाढते तसा वेग कमी होतो. १९३५ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

यातला हिशेब सोपा आहे. तासाला किती गाड्या जातात, तो आकडा म्हणजे वेग गुणिले दाटी. रस्ता रिकामा असेल तर वेग भरपूर, पण गाड्याच नाहीत, म्हणून प्रवाह कमी. रस्ता गच्च भरला तर गाड्या भरपूर, पण वेगच नाही, म्हणून पुन्हा प्रवाह कमी. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी प्रवाह सर्वांत जास्त असतो. तीच त्या रस्त्याची क्षमता.

१९४४ मध्ये अमेरिकेच्या हायवे रिसर्च बोर्डाने क्षमतेच्या अभ्यासासाठी समिती नेमली आणि १९५० साली पहिले ‘हायवे कपॅसिटी मॅन्युअल’ निघाले. आदर्श परिस्थितीत एका लेनवरून तासाला २,००० मोटारी जाऊ शकतात, असा मूलभूत आकडा त्यात मांडला गेला. १९६५ च्या दुसऱ्या आवृत्तीने ‘लेव्हल ऑफ सर्व्हिस’, म्हणजे सेवेचा दर्जा ही कल्पना आणली. ए ते एफ अशा सहा श्रेणी ठरल्या. ‘ए’ म्हणजे चालकाला मोकळा रस्ता, ‘एफ’ म्हणजे कोंडी. ही सेवा ज्याला मिळायची तो चालक होता. पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र प्रकरण या ग्रंथात आले ते १९८५ च्या आवृत्तीत, म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर पस्तीस वर्षांनी.

आणखी एक नियम याच काळात रुजला. वर्षातल्या सगळ्या तासांची वाहतूक उतरत्या क्रमाने मांडायची आणि रस्ता सर्वाधिक गर्दीच्या तासासाठी न आखता तिसाव्या क्रमांकाच्या तासासाठी आखायचा. वर्षातून एक-दोन दिवस होणाऱ्या गर्दीसाठी एवढा खर्च परवडत नाही, हे त्यामागचे कारण. कारण पटण्यासारखे आहे. पण ते एक-दोन दिवस कोणाचे असतात, हा प्रश्न पुढे येणार आहे. तो लक्षात ठेवा.

तो रस्ता कोणाच्या घरावरून गेला

१९५६ साली अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला. ४१,००० मैलांचे जाळे, आणि खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्र सरकारचा. त्याच दशकात डेट्रॉइट आणि शिकागो शहरांमध्ये मोठे वाहतूक अभ्यास झाले. लोक कुठून निघतात, कुठे जातात, वीस वर्षांनी किती गाड्या असतील, याचे अंदाज बांधण्याची आजची पद्धत तिथेच घडली.

ही आकडेमोड रस्ता किती रुंद हवा ते सांगत होती. तो कोणाच्या अंगणातून न्यायचा, हे मात्र जमिनीचा भाव आणि वस्तीची राजकीय ताकद पाहून ठरत होते. डेट्रॉइटमध्ये ब्लॅक बॉटम आणि पॅराडाइज व्हॅली या काळ्या लोकांच्या वस्त्या पाडल्या गेल्या आणि त्यांच्या मुख्य बाजाराच्या रस्त्यावरून महामार्ग गेला. सेंट पॉल शहरात रॉन्डो, मायामीत ओव्हरटाउन, न्यू ऑर्लिन्समध्ये क्लेबॉर्न ॲव्हेन्यू, सगळीकडे तीच गोष्ट. ‘गलिच्छ वस्ती निर्मूलन’ आणि ‘वाहतुकीची गरज’ हे दोन शब्द हातात हात घालून आले.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहून निग्रो समाजाच्या लढ्याची माहिती मागवली होती. १९७२ साली दलित पँथरने आपले नावच तिथल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. हे नाते आपण अभिमानाने सांगतो, तर त्यांच्या महामार्गविरोधी लढ्यांचीही आठवण ठेवायला हवी. वॉशिंग्टन शहरात १९६० च्या दशकात काळ्या रहिवाशांनी आणि त्यांच्या गोऱ्या सहकाऱ्यांनी मिळून शहरातून जाणाऱ्या महामार्गांचा बराचसा आराखडा हाणून पाडला. त्यातला पैसा पुढे तिथल्या मेट्रोकडे वळला. वाहतुकीचा अंदाज ही दगडावरची रेघ नसते, ती बदलता येते, एवढे तरी या लढ्याने सिद्ध केले.

मोजणीच्या आधीचा आपला रस्ता

आपल्याकडे रस्त्याची मोजणी सुरू होण्याच्या कितीतरी आधी रस्त्याचे नियम लिहून झालेले होते. पेशवाईत समोरून सवर्ण येत असेल तर अस्पृश्याने सार्वजनिक रस्ता वापरायचा नाही, पुण्यात कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून चालायचे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नोंदवले आहे. आजच्या वाहतूक अभियांत्रिकीत वाट कोणी कोणाला द्यायची, याला अग्रक्रम म्हणतात. तेव्हाचा अग्रक्रम जातीने ठरत होता.

त्रावणकोरात १८९३ साली अय्यनकाळी यांनी बैलगाडी विकत घेतली, डोक्याला पागोटे बांधले, आणि ज्या सार्वजनिक रस्त्यावर पुलया समाजाला मज्जाव होता त्या रस्त्यावरून गाडी हाकली. त्यांच्यावर हल्ले झाले. तरी गाडी थांबली नाही. पुढे १९२४ मध्ये वायकोम येथे मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे म्हणून सत्याग्रह सुरू झाला. ते रस्ते सार्वजनिक होते, तरी अवर्णांना बंद होते. १९२५ अखेरीस तडजोड झाली तेव्हा तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेकडचा बंदच राहिला.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या आयुष्यातले दोन प्रसंग त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये सांगितले आहेत. १९०१ साली सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनवर लहानगे भीमराव आणि त्यांची भावंडे उतरली. ती महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे, आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर बैलगाडी मिळाली. दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. तोवर ते बॅरिस्टर झाले होते आणि मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. टांगेवाल्यांनी त्यांना न्यायला नकार दिला. महारवाडा स्टेशनपासून दोन मैलांवर, मध्ये नदी आणि तिच्यावर छोटा पूल. वस्तीतल्या लोकांनी भाड्याने टांगा मिळवला, हाकायला मात्र सवय नसलेला आपलाच माणूस बसला. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले.

चाळीसगावला रस्ता होता, पूल होता, टांगा होता. क्षमतेच्या कोणत्याही हिशेबात तो रस्ता पुरेसा ठरला असता. तरीही तो एका माणसाला सुखरूप घरी पोचवू शकला नाही. रस्ता बांधणे आणि रस्ता सर्वांचा होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणूनच संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात रस्त्याचा शब्दशः उल्लेख आहे. विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीने रस्ते. राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखले जाणारे, किंवा सर्वसाधारण जनतेसाठी खुले केलेले हे रस्ते वापरण्यास कोणत्याही नागरिकाला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून मज्जाव करता येणार नाही. भारताचा रस्ता हा असा हक्काचा विषय आहे. अभियांत्रिकी त्याच्यानंतर येते.

१९२७ : एक समिती आणि एक तळे

आपल्या देशातील आधुनिक रस्ते नियोजनाची सुरुवात १९२७ साली झाली. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९२८ मध्ये आला. पेट्रोलवर जादा कर लावून रस्त्यांसाठी निधी उभारावा, ही तिची मुख्य शिफारस. १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली.

१९२७ म्हणजे महाडचे वर्ष. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी हातात घेताना बाबासाहेब सांगत होते की सार्वजनिक पैशाने जे चालते ते सर्वांचे. त्याच वर्षी नेमलेली समिती सार्वजनिक पैशाने रस्ते कसे बांधावेत ते शोधत होती. या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्या नाहीत. रस्त्याच्या नियोजनाने मैल, टन आणि गाड्या मोजल्या. त्या रस्त्यावर कोणाला चालता येते, हा प्रश्न महाडकडे आणि वायकोमकडे राहिला.

१९४३ च्या डिसेंबरात प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. तिथे तयार झालेली ‘नागपूर योजना’ आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाते. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्राममार्ग ही रस्त्यांची उतरंड तिथे पक्की झाली. विकसित शेतीच्या भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर नसावे, हे उद्दिष्ट ठरले. उद्दिष्ट चांगले होते. पण ‘गाव’ म्हणजे कोणता ठिपका? नकाशावरचा ठिपका गावठाणाचा. गावकुसाबाहेरची वस्ती त्या ठिपक्यात धरलेली होती की नव्हती, हे योजनेने विचारले नाही. पुढे महाराष्ट्र सरकारला दलित वस्त्यांच्या सुधारणेसाठी वेगळी योजना काढावी लागली आणि तिच्यात वस्तीच्या रस्त्यांची कामे घालावी लागली, यातच उत्तर आले.

२००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने महसुली गावाऐवजी वस्ती हे एकक मानले. हे पुढचे पाऊल होते. परंतु पक्क्या रस्त्यापासून ५०० मीटरच्या आत असलेली वस्ती सपाट प्रदेशात ‘जोडलेली’ समजली जाते. गावातल्या डांबरी रस्त्यापासून ४०० मीटरवर, ओढ्याच्या पलीकडे असलेला भीमनगर कागदावर जोडलेलाच असतो. पावसाळ्यात तिथून बाळंतिणीला खाटेवर उचलून न्यावे लागले, तरी तो जोडलेलाच असतो.

तक्ता काय सांगतो, काय लपवतो

आता पीसीयूकडे परत येऊ. बैलगाडीला आठ गुण देणारा अभियंता जातीयवादी होता, असे आम्ही म्हणत नाही. बैलगाडी ताशी चार-पाच किलोमीटर चालते. दुपदरी रस्त्यावर तिच्यामागे मोटारी अडकतात, समोरून गाड्या येत असतील तर ओलांडता येत नाही. तिने आठ मोटारींइतकी जागा आणि वेळ खाल्ली, हे निरीक्षण त्याच्या जागी बरोबर आहे. आकडा बरोबर असूनही प्रश्न चुकीचा असू शकतो. इथे विचारलेला प्रश्न असा आहे : मोटारीच्या वाटेत कोण किती अडथळा आणतो?

हाच प्रश्न माणसांच्या बाजूने विचारून पाहा. उदाहरणादाखल एक तास घेऊ. त्या तासात २० एसटी बस गेल्या, प्रत्येकीत ४० प्रवासी. ८०० माणसे गेली, पीसीयू झाले ६०. त्याच तासात ६० मोटारी गेल्या, प्रत्येकीत दोघे. १२० माणसे गेली, पीसीयू तेवढेच, ६०. शिवाय शाळेची मुले, मजूर, बाजाराला निघालेल्या बाया अशी ३०० माणसे कडेने पायी गेली. पीसीयू शून्य. तक्त्याच्या लेखी ८०० आणि १२० सारखेच, आणि ३०० म्हणजे काहीच नाही. या बेरजेवरून जो रस्ता रुंद होतो तो त्या १२० माणसांच्या सोयीचा होतो. बाकीच्यांच्या वाट्याला जे येते ते चुकून आलेले असते.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या फक्त ४.७ टक्के कुटुंबांकडे मोटार होती. दुचाकी २१ टक्के कुटुंबांकडे, सायकल सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे. त्यानंतर वाहने वाढली, तरी मोटार नसलेलेच फार मोठ्या बहुमतात आहेत. पाच टक्क्यांच्या वाहनाला माप मानून शंभर टक्क्यांचा रस्ता आखला गेला. राजकारणात आपण एक माणूस, एक मत, एक मूल्य स्वीकारले, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात ते नाकारत राहू, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत दिला होता. तो रस्त्यालाही लागू आहे.

वाहतुकीच्या शास्त्रात कडेने चालणारे, थांबलेले, विक्री करणारे यांना एक नाव आहे : ‘साइड फ्रिक्शन’, कडेचे घर्षण. प्रवाहाचा वेग कमी करणारी गोष्ट. आमच्या लोकांचा उल्लेख येतो तो असा.

रस्ता ओलांडण्याचे गणित

सर्वांत जीवघेणा भाग रस्ता ओलांडण्याचा. पादचाऱ्यांच्या सोयीसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची वेगळी मार्गदर्शिका आहे, ‘आयआरसी : १०३’. दोन चौकांच्या मध्ये पादचाऱ्यांना नियंत्रित क्रॉसिंग कुठे द्यायचे, यासाठी १९८८ च्या मार्गदर्शिकेत एक सूत्र दिले गेले. गर्दीच्या तासात रस्ता ओलांडणारी माणसे, गुणिले वाहनांच्या संख्येचा वर्ग. हा गुणाकार दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दहा कोटींच्या आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर वीस कोटींच्या पुढे गेला पाहिजे.

हिशेब करून पाहा. तासाला १,००० वाहने जाणारा दुभाजकाचा रस्ता घ्या. हजाराचा वर्ग दहा लाख. वीस कोटी गाठायला तासाला २०० माणसांनी रस्ता ओलांडला पाहिजे. महामार्गाच्या पलीकडे ४० घरांची वस्ती आहे, अलीकडे शाळा, रेशन दुकान आणि दवाखाना आहे. ती वस्ती तासाला २०० माणसे कुठून आणणार? आणि रस्ता जितका धोक्याचा, तितकी आई मुलाला कमी वेळा पलीकडे पाठवणार. म्हणजे भीतीने कमी झालेली संख्याच क्रॉसिंग नाकारण्याचे कारण बनते. सूत्राशिवाय इतर निकषही आहेत. वाहनांचा वेग आहे, पादचाऱ्यांना किती वेळ खोळंबावे लागते हे आहे. अपघातांच्या नोंदी हाही एक निकष आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की आधी माणसे गाडीखाली यावी लागतात.

ती येतातच. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते आणि ७४,८९७ दुचाकीवरचे. दहातले सहाहून अधिक मृत्यू या दोन गटांतले. मोजणीत ज्यांची किंमत शून्य आणि अर्धा, मृतांच्या यादीत बहुमत त्यांचे.

आपले दिवस ‘असामान्य’ कसे ठरतात

ग्रामीण रस्त्यांवरील वाहतूक गणनेचे नियम ‘आयआरसी : ९’ मध्ये आहेत. वर्षातून दोनदा, सलग सात दिवस, चोवीस तास मोजणी. एकदा सुगी आणि बाजाराच्या हंगामात, एकदा मंदीच्या काळात. जत्रा किंवा प्रदर्शनासारखी असामान्य परिस्थिती असेल तर मोजणी काही दिवस पुढे ढकलावी, असेही त्यात सांगितले आहे. सरासरी बिघडू नये म्हणून हे योग्यच. आता तो तिसाव्या क्रमांकाचा तास आठवा.

१ जानेवारीला कोरेगाव भीमा. १४ एप्रिल. अशोक विजयादशमी आणि १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमी. ६ डिसेंबरला चैत्यभूमी. लाखो माणसे रस्त्यावर येतात, आणि ती कोणत्या दिवशी येणार हे आधीच सांगता येते. पुणे-नगर रस्त्यावरची वाहतूक १ जानेवारीला दरवर्षी वळवावी लागते. तरीही ही गर्दी रस्त्याच्या आराखड्यात येत नाही, ती पोलिसांच्या बंदोबस्तात येते. आपल्या माणसांची हालचाल नियोजनाचा विषय न होता कायदा-सुव्यवस्थेचा विषय होते. पंढरीच्या वारीसाठी पालखी मार्ग रुंद करता आले, वारकऱ्यांच्या चालण्याचा विचार आराखड्यात घेता आला. ते चांगलेच झाले. पायी येणाऱ्या लाखोंसाठी रस्ता आखता येतो, हे त्यातून सिद्ध झाले आहे. मग हीच मागणी कोरेगाव भीमासाठी करण्यात गैर काय?

१९७९ साली नामांतरासाठी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. हजारो माणसे शेकडो किलोमीटर पायी चालली. आज त्याच पट्ट्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. ताशी १५० किलोमीटर वेगासाठी आखलेला हा रस्ता १२० मीटर रुंद जमीन घेऊन दहा जिल्ह्यांतून जातो. त्यावर पादचारी, बैलगाडी आणि दुचाकी यांना प्रवेश नाही. एवढ्या वेगाच्या रस्त्यावर तो असूही नये, हे आम्हाला मान्य आहे. मुद्दा वेगळा आहे. ज्यांना त्या रस्त्यावर प्रवेश नाही, त्यांना पलीकडच्या शेतात, शाळेत, स्मशानात जाण्यासाठी किती अंतर वळसा घालावा लागतो, हे त्याच अहवालात मोजलेले असायला हवे. आणि गायरान कसणाऱ्या भूमिहीनाचे नाव सातबाऱ्यावर नसते, म्हणून मोबदल्याच्या मोजणीतही ते सहज सुटते. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह लढवला, तो याच नोंद नसलेल्या माणसांसाठी.

मग करायचे काय

काळ थोडा बदलला आहे, हेही सांगायला हवे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने नियोजन वाहनांचे नव्हे, माणसांचे असावे हे तत्त्व मान्य केले. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या २०१७ च्या भारतीय क्षमता ग्रंथाने परदेशी आकड्यांऐवजी आपल्या रस्त्यांवरचे आकडे घेतले, पादचाऱ्यांना स्वतंत्र प्रकरण दिले. तरी मोजणीचे मूळ एकक अजून मोटारच आहे. तत्त्व कागदावर आले की ते आपोआप रस्त्यावर उतरते, असा आपला अनुभव नाही. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला होता. पाणी प्यायला १९२७ उजाडावे लागले.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे. आपल्या गावाजवळून महामार्ग जाणार असेल किंवा रुंद होणार असेल, तर माहिती अधिकारात सविस्तर प्रकल्प अहवालातले वाहतूक गणनेचे प्रकरण मागा. मोजणी कोणत्या तारखांना झाली, कोणत्या ठिकाणी झाली, पादचारी मोजले की नाही, हे पाहा. वस्ती, शाळा आणि स्मशानभूमी यांच्या समोर ओलांडण्याची काय सोय आहे आणि ती कोणत्या हिशेबावर ठरली, ते लेखी विचारा. पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी होणार असेल तर तिथे हा प्रश्न मांडा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.

आणि स्वतः मोजा. याला पदवी लागत नाही. वस्तीच्या फाट्यावर दोन माणसे बसवा, सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते आठ. दर पंधरा मिनिटांना एक ओळ. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, सरकारी प्रगणकही असेच मोजतो. मोटारी मोजा, बस मोजा आणि बसमधली माणसे अंदाजे लिहा. रस्ता ओलांडणारी मुले, बाया, म्हातारे वेगळ्या रकान्यात लिहा. सात दिवसांची ही नोंद ग्रामसभेच्या ठरावासोबत जोडा. ‘आमच्या लोकांना त्रास होतो’ या वाक्याला अर्जांच्या ढिगात जागा मिळते. ‘शाळेच्या वेळेत तासाला ६४ मुले हा रस्ता ओलांडतात’ या वाक्याला उत्तर द्यावे लागते.

अय्यनकाळींनी बैलगाडी रस्त्यावर आणली तेव्हा रस्त्यावर कोणाचा हक्क, हा प्रश्न होता. संविधानाने तो प्रश्न कायद्यात सोडवला. उरलेला प्रश्न मोजणीचा आहे. महामार्गाच्या तक्त्यात पायी चालणाऱ्यासाठी रकाना नसेल, तर तो आखून घेण्याचे काम आपले आहे.

जय भीम!